लांबचं स्वच्छ, जवळचं अंधुक

मंगळवार

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आज सहावा दिवस. नवीन चष्म्याचा नंबर महिन्याभराने काढायचा. तोवर लांबचं स्वच्छ दिसेल, जवळचं वाचता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणजे भिंतीवरच्या कालनिर्णयमधली एकादशी तिला पलंगावरून दिसते, हातातला पेपर मात्र दिसत नाही. ३१ वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलेली बाई, रिकामी बसणार कशी? काल तिने मला तीनदा विचारलं की फ्रिजमधल्या कोथिंबिरीला वास का येतोय.

मग कार्यक्रम ठरला. दुपारचे थेंब घालून झाले की मी शेरलॉक होम्सची एक कथा मोठ्याने वाचायची, आणि रात्री जेवणं आवरली की त्याच कथेचा भाग टीव्हीवर बघायचा. पुस्तकं बाबांची, भालबा केळकरांनी केलेले अनुवाद. मालिका ग्रॅनडा टेलिव्हिजनची, जेरेमी ब्रेटवाली. दादाने इंग्लंडहून आणलेला डीव्हीडींचा संच माझ्या कपाटात देवासारखा ठेवलेला आहे. मी तो चार वेळा पाहिलाय. होम्स म्हटलं की माझ्यापुरता ब्रेटच. मोबाइल वापरणाऱ्या नव्या होम्सबद्दल लोक माझ्याशी बोलायला लागले की मी चहा टाकायला उठते.

आज पहिली कथा, बोहेमियाच्या राजाची. १८९१ च्या जुलैमध्ये 'स्ट्रँड' मासिकात आलेली. त्यात होम्स आपल्या डॉक्टर मित्राला, वॉटसनला विचारतो, हा जिना तू शेकडो वेळा चढलास, पायऱ्या किती आहेत सांग. वॉटसनला येत नाही. त्या सतरा असतात. मी मोठ्या ऐटीत पुस्तक मिटून आईला विचारलं, "आपल्या जिन्याला किती?"

"चौदा," आई म्हणाली. "आणि खालून चौथी थोडी उतरती आहे."

मी बघतच राहिले. ती म्हणाली, "अगं, गेली दोन वर्षं दिसत कुठे होतं धड? मोजूनच उतरत होते."

दोन वर्षं. एकाच घरात राहतो आम्ही.

गुरुवार

उद्या नागपंचमी, म्हणून मुद्दाम 'द स्पेकल्ड बँड' काढली. होम्सचा लेखक कॉनन डॉयल, त्याने स्वतः १९२७ मध्ये आपल्या आवडत्या बारा होम्सकथा निवडल्या, तेव्हा ही पहिल्या क्रमांकावर ठेवली होती. माझ्याही अंगावर लहानपणी हिनेच काटा आणला होता. कलकत्त्यात डॉक्टरकी करून विलायतेला परतलेला तो रागीट रॉयलॉट, दोन सावत्र मुली, जमिनीला ठोकलेला पलंग, कुठेच न वाजणाऱ्या घंटेची दोरी, भिंतीतलं भोक, रात्रीची ती शीळ. रॉयलॉट भारतातला विषारी साप दोरीवरून मुलीच्या पलंगावर सोडतो, शीळ घालून परत बोलावतो, आणि परत यायची सवय लागावी म्हणून त्याला बशीतून दूध पाजतो.

दुधाच्या बशीपाशी आईने हात वर केला. वर्गात मुलं करतात तसा.

"साप दूध पीत नाही."

"आई, गोष्ट आहे."

"असू दे. आणि शीळ ऐकणार कशाने? त्याला बाहेरचा कान नाही, जमिनीची थरथर त्याला कळते. आणि हे बबून कुठून आणलंस?"

मी कुठून आणणार? रॉयलॉटच्या बंगल्याभोवती भारतातून मागवलेले एक चित्ता आणि एक बबून मोकळे फिरत असतात, असं कथेतच आहे. चित्ता आईने पास केला, तेव्हा आपल्याकडे होता म्हणून. बबून नापास. "तो आफ्रिकेतला. वानर म्हणायचं असेल त्याला." आणि ज्याच्यावर सगळं रहस्य उभं आहे तो 'स्वॅम्प अॅडर' नावाचा साप भारतातच काय, कुठेच नाही. आई म्हणाली, ठिपक्यांवरून घोणस धरली तरी ती इतक्या झटपट मारत नाही.

आमचा सांगली जिल्हा, बत्तीस शिराळ्याचा. दर नागपंचमीच्या आदल्या दिवशी आई वर्गात फळ्यावर सापाचा जबडा काढून हेच सांगायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच मुलांच्या आया वारुळाला दूध घालून यायच्या. त्यामुळे एका ब्रिटिश डॉक्टरने, हो, डॉयल स्वतः डॉक्टर होता, हीच चूक केलेली बघून तिला संताप आला की बरं वाटलं, ते मला नीट कळलं नाही. बहुतेक बरंच वाटलं असावं. रात्रीचा भाग तिने मात्र चकार शब्द न काढता पाहिला. होम्स अंधारात काडी ओढून छडीने दोरीवर फटके मारायला लागला तेव्हा तिने माझं मनगट धरलं होतं. मी काही बोलले नाही.

एक सांगायचं राहिलं. बाबांनी प्रत्येक कथेच्या शेवटी ती वाचून झाल्याची तारीख पेन्सिलीने लिहून ठेवलीय. या कथेखाली तीन तारखा आहेत.

शनिवार

आज खाण्याचा दिवस. 'सिल्व्हर ब्लेझ'मध्ये तबेल्यातल्या पोराला अफू घालतात ती मटणाच्या करीतून, कारण अफूची चव झाकायला तसंच मसालेदार काहीतरी हवं. सगळे त्या कथेतला न भुंकलेला कुत्रा लक्षात ठेवतात. आम्ही रश्श्यावर अर्धा तास बोललो. आपल्याकडच्या तांबड्या रश्श्यात काय काय खपून जाईल यावर आईची मतं मी इथे लिहीत नाही.

दुसऱ्या कथेत होम्सची घरमालकीण मिसेस हडसन न्याहारीला कोंबडीची करी करते. आई म्हणाली, "सकाळी सकाळी?" आणि पुढे, "बाईला पोहे शिकवायला हवे होते कोणीतरी."

सोमवार

होम्स मेला.

म्हणजे डॉयलने १८९३ च्या डिसेंबरात त्याला स्वित्झर्लंडच्या धबधब्यात ढकलला, कारण लेखकाला त्याचा कंटाळा आला होता. दहा वर्षांनी, १९०३ मध्ये, 'द एम्प्टी हाउस'मधून परत आणला. कथेत मधला काळ तीन वर्षांचा. मालिकेत या जागी आणखी एक गंमत झालीय. धबधब्याच्या कड्यावर रडणारा वॉटसन डेव्हिड बर्क आहे. होम्सला जिवंत बघून चक्कर येऊन पडणारा वॉटसन एडवर्ड हार्डविक. तेरा भागांनंतर बर्कने मालिका सोडली, संसारासाठी आणि रंगभूमीसाठी.

मी आईला हे मुद्दामच सांगितलं नव्हतं. दिवसा दोन्ही कथा वाचल्या, रात्री दोन्ही भाग लावले. हार्डविक चक्कर येऊन पडला तेव्हा आई म्हणाली, "हा कोण? वॉटसन?"

"हो."

"तीन वर्षांत होम्स होता तसा आणि हाच एवढा बदलला? दुःखाने होतं म्हणा."

मला हसू आलं, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं, खरंच की. बर्कचा वॉटसन तरुण, थोडा उतावळा, होम्सने चिमटा काढला की तोंड वाकडं करणारा. हार्डविकचा शांत, पोक्त, जरा थकलेला. मित्राला मेलेला समजून तीन वर्षं काढलेला माणूस असाच दिसेल. मालिकावाल्यांनी हे ठरवून केलेलं नाही. नट मिळाला तो घेतला. पण चार वेळा बघून माझ्या लक्षात न आलेलं आईने पहिल्या फटक्यात सांगितलं.

बुधवार

थेंब आता दिवसातून दोनदाच. पावसाने कपडे वाळत नाहीत. आज वाचन नाही, आईची मावसबहीण आली होती आणि तिने चार तास तिच्या सुनेची कथा सांगितली. त्यात गुन्हेगार पहिल्या मिनिटालाच कळला होता.

रात्री 'द डेव्हिल्स फूट' पाहिला. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर होम्स आपली कोकेनची सुई वाळूत पुरतो. मूळ कथेत हा प्रसंग नाही. ब्रेटला काळजी वाटायची की लहान मुलं ही मालिका बघतात; डॉयलच्या मुलीची संमती घेऊन त्याने होम्सचं हे व्यसन घालवलं. एरवी हा माणूस मूळ शब्द बदलला की दिग्दर्शकांशी भांडायचा, सिडनी पॅजेटने मासिकात काढलेल्या चित्रांसारखा हुबेहूब उभा राहायचा. त्याने आपणहून मोडलेला नियम हाच. मला तो प्रसंग प्रत्येक वेळी रडवतो.

शुक्रवार

आज जे झालं ते लिहून ठेवायला हवं.

दुपारी 'द डाइंग डिटेक्टिव्ह' वाचली. होम्सला कुठलासा पूर्वेकडचा भयंकर रोग झालाय, तो बरळतोय, वॉटसनला जवळ येऊ देत नाही, लांबच उभा राहा म्हणून ओरडतो. शेवटी कळतं की सगळं सोंग होतं. खुन्याला बोलतं करण्यासाठी होम्सने तीन दिवस अन्नपाणी सोडलं, कपाळाला व्हॅसलिन लावलं, गालांना रंग, ओठांवर मेणाच्या खपल्या, आणि डोळ्यांत बेलाडोना.

"बेलाडोना म्हणजे अॅट्रोपिन," आई लगेच म्हणाली. "बाहुली मोठी होते त्याने. मला तपासायच्या आधी घातलेले थेंब त्याच कामाचे." या कथेला तिने दहापैकी नऊ दिले. एक मार्क वॉटसनचा कापला. डॉक्टर असून फसला म्हणून.

"त्याला लांब ठेवलं होतं ना आई, चार हात."

"लांबूनही दिसतं," ती म्हणाली.

रात्री भाग लावला. हा १९९४ मधला, शेवटच्या सहांपैकी. होम्स आजारी पडायच्या आधीचाच एक साधा प्रसंग चालू होता, बोलण्याबिलण्याचा. आई पुढे सरकून बसली. मग म्हणाली, "हा माणूस आजारी आहे."

"अजून नाही आई, पुढे पडेल. आणि ते पण सोंगच."

"होम्स नाही. हा. हा नट." तिने पडद्याकडे बोट केलं. "चेहऱ्याला सूज आहे बघ. बोलताना मध्येच श्वास घेतोय. पहिल्या भागात कसा तरतरीत होता. हृदयाचं आहे याचं."

मी पॉझचं बटण दाबलं. मी तिला ब्रेटबद्दल काहीच सांगितलेलं नव्हतं. लहानपणच्या संधिवाताच्या तापाने त्याच्या हृदयाला इजा झाली होती, ते नाही. १९८५ मध्ये बायको कर्करोगाने गेली, मग मनाचा आजार उफाळला, त्यावरच्या औषधांनी अंगात पाणी साठायला लागलं, तेही नाही. या सहा भागांच्या वेळी तो इतका खचला होता की एका भागात होम्सचं बरंचसं काम त्याच्या भावाच्या, मायक्रॉफ्टच्या पात्राला द्यावं लागलं. १२ सप्टेंबर १९९५ ला तो गेला. ६१ वर्षांचा होता. हे सगळं मला वर्षानुवर्षं पाठ आहे, पण मी ते वाचून शिकले. पडद्यावर मला फक्त होम्स जाड झालेला दिसायचा आणि वाईट वाटायचं की आता तो आधीसारखा झटकन वळत नाही.

"तुला कसं कळलं?"

"सकाळी तुझ्या बाबांचा चेहरा असाच असायचा," ती म्हणाली. "शेवटचं वर्षभर. तू पुण्याला होतीस."

मी होतेच पुण्याला. शनिवार-रविवारी यायचे. बाबा म्हणायचे, वजन वाढलंय जरा, आईच्या हातचं खाऊन. मी हसायचे. २०११ च्या जूनमध्ये ते गेले.

पॉझवर ब्रेटचा चेहरा तसाच थांबला होता, तोंड अर्धवट उघडं. आई त्याच्याकडे बघत राहिली. नवीन भिंगातून तिला त्याची एकेक सुरकुती दिसत असणार. मी विचारलं, पुढे लावू का. सोंग अजून यायचं होतं, पलंगावरचा तो सगळा प्रसंग.

"नको," आई म्हणाली. "परवाचा तो पहिला भाग लाव. राजाचा. त्यात बरा होता तो."

मी डीव्हीडी बदलली. आमचा प्लेअर जुना आहे, चालू व्हायला वेळ घेतो. मघाशी वाचलेलं पुस्तक उघडंच पडलं होतं, ते मिटताना 'डाइंग डिटेक्टिव्ह'च्या शेवटी बघितलं. पेन्सिलीने एकच तारीख होती, ४ मार्च २०११. मी ती आईला वाचून दाखवली नाही. व्हायोलिन सुरू झालं, बेकर स्ट्रीटवरून घोडागाडी गेली, आणि आईने रात्रीचे थेंब घालून घ्यायला डोकं मागे टेकलं.