पारी, सारण आणि बलक: मूनकेकच्या प्रांतोप्रांतीच्या तऱ्हा

2025 साली चिनी मध्य-शरद उत्सव आणि आपली कोजागरी एकाच दिवशी, 6 ऑक्टोबरला आली. दरवर्षी असे जुळत नाही. चिनी पंचांगातल्या आठव्या महिन्याचा पंधरावा दिवस बहुधा आपल्या भाद्रपद पौर्णिमेच्या आसपास पडतो. 2024 मध्ये तो 17 सप्टेंबरला, म्हणजे पुण्यात विसर्जनाच्या मिरवणुका चालू होत्या त्याच दिवशी होता. सिंगापूर, हाँगकाँग किंवा शांघायहून परतणाऱ्या नातेवाइकांच्या आणि सहकाऱ्यांच्या सामानात या सुमारास मूनकेकचे, म्हणजे या सणाच्या सारण भरलेल्या गोल पक्वान्नाचे, डबे असतात, आणि त्यांतला कोणता ब्रँड उत्तम, असे मला आवर्जून विचारले जाते. माझ्या मते ब्रँडचा विचार नंतर करावा. आधी मूनकेक कोणत्या प्रांताच्या पद्धतीचा आहे ते पाहावे, कारण दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांताचा आणि शांघायजवळच्या सुझौ शहराचा मूनकेक यांच्यात सणाखेरीज फारसे काही समान नाही.

आपल्याकडे येतो तो बहुतेक वेळा ग्वांगडाँग पद्धतीचा. त्याची पारी आंबट घालून मुरवलेला साखरेचा पाक, शेंगदाणा तेल, मैदा आणि किंचित क्षारपाणी यांची असते. भट्टीतून काढल्यावर ती कडक व कोरडी लागते. दोन-तीन दिवस ठेवल्यावर सारणातले तेल तिच्यात उतरते, ती मऊ होते आणि तिला चकाकी येते. आतले मानाचे सारण कमळबियांचे. (मखाना ही वेगळी वनस्पती आहे, कमळबी म्हणजे पूजेच्या दुकानात मिळणारा कमळगट्टा.) बिया भिजवून, सोलून, त्यांच्या पोटातला कडू हिरवा कोंब काढून त्या शिजवतात, वाटतात आणि साखर-तेलात गोळा कढईची कड सोडेपर्यंत परततात. हे काम वेळखाऊ आणि कमळबी महाग, त्यामुळे स्वस्त मालात पांढऱ्या घेवड्याची भर घातली जाते. चीनच्या राष्ट्रीय मानकानुसार तेल आणि साखर वगळता उरलेल्या घटकांत किमान 60 टक्के कमळबी असेल, तरच त्या सारणाला कमळबियांचे म्हणता येते. वेष्टनावरील घटकांची यादी वाचण्याचे कष्ट इथे खरोखर सार्थकी लागतात.

चांगला मूनकेक सुरी लावताच ओळखू येतो. सारण सुरीला चिकटत नाही, कापलेली बाजू गुळगुळीत राहते आणि मधोमध बदकाच्या खारवलेल्या अंड्याचा बलक केशरी, रवाळ दिसतो. त्याच्याभोवती तेलाचे बारीक कडे सुटलेले असते. बलक फिका आणि रबरासारखा निघाला, तर डब्यावर कितीही सोनेरी नक्षी असो, तो माल बेताचाच समजावा. दोन बलकांचा मूनकेक अधिक प्रतिष्ठेचा मानतात. मला मात्र एकाच बलकाचा आवडतो, कारण त्यात सारणाची चव खारटपणाखाली दबत नाही.

या पद्धतीतली जुनी नावे भरवशाची आहेत. ग्वांगझूचे लिएनश्यांगलौ 1889 पासूनचे आणि कमळबियांच्या सारणासाठीच प्रसिद्ध. हाँगकाँगमध्ये की वा 1938 चे, तर विंग वा 1950 चे. विंग वाचे सोललेल्या पांढऱ्या कमळबियांचे सारण ही माझी पहिली पसंती आहे. पहिल्यांदाच खाणाऱ्याला मी तेच देईन, आणि तेही आठ फोडींपैकी एक, सोबत बिनसाखरेचा ऊलाँग चहा. सुमारे 180 ग्रॅमच्या एका मूनकेकमध्ये जवळपास 800 कॅलरी असतात, हे घरातल्या मधुमेही मंडळींना आधीच सांगून ठेवावे.

सुझौ पद्धत मला याहूनही जवळची वाटते. तिथे पाण्यात भिजवलेल्या पिठात स्निग्ध पिठाचा थर देऊन, लाटून, गुंडाळून पदर काढतात. आपण चिरोट्यांना साटा लावतो त्याच तत्त्वावर. फरक एवढाच की तिथे पारंपरिक स्निग्ध पदार्थ डुकराची चरबी आहे. या पद्धतीचा ताज्या मांसाचा खारा मूनकेक शांघायमध्ये गरमागरम विकतात, आणि सणाआधी हुआईहाई रस्त्यावरच्या ग्वांगमिंगत्सुन या उपाहारगृहासमोर त्यासाठी लांबच लांब रांगा लागतात. कामानिमित्त शांघायला असताना मी असा मूनकेक कागदी पिशवीतून काढून रस्त्यावर उभ्याउभ्याच खाल्ला. वरचे पदर ओठांना लागताच भुगा होऊन शर्टावर पडत होते, तर तळाचे पदर मांसाचा रस पिऊन जड, मऊ झाले होते. एकाच घासात हे दोन्ही मिळणे हीच त्याची खरी गंमत आहे. डब्यात बंद करून पुण्याला आणण्याजोगी ही वस्तू नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

नैर्ऋत्य चीनच्या युन्नान प्रांतात शुआनवेई गावच्या हॅमचे, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांडीचे, तुकडे आणि मध यांचे सारण करतात. गोड-खारट चव आवडणाऱ्याने ते जरूर चाखावे. ग्वांगडाँगच्याच पूर्वेकडील छाओशान भागातल्या चक्राकार पदरांच्या मूनकेकमध्ये अरवीच्या जातीच्या कंदाचे सारण असते, आणि ते मराठी जिभेला लगेच रुचते.

हाँगकाँगच्या नव्या तऱ्हांपैकी पेनिन्सुला हॉटेलच्या स्प्रिंग मून उपाहारगृहाने 1986 मध्ये आणलेला अंड्याच्या कस्टर्डचा छोटा मूनकेक मला खरोखर मोलाचा वाटतो. लोणीदार पारी आणि खारवलेल्या बलकाचा हलका खारेपणा यांचा त्यात छान मेळ बसतो. तायपान बेकरीने 1989 मध्ये लोकप्रिय केलेला, न भाजता थंड खाण्याचा चिकट तांदळाच्या पारीचा मूनकेक मुलांना फार आवडतो. पण तो सतत थंड ठेवावा लागत असल्याने लांबच्या प्रवासात टिकत नाही.

डब्याच्या थाटाला भुलू नये, हे चीनमध्येही सरकारला सांगावे लागले. 2022 मध्ये 500 युआनहून महाग डब्यांवर तिथे विशेष देखरेख सुरू झाली आणि अवाजवी वेष्टनावर निर्बंध कडक झाले.

शाकाहारी मंडळींनी बलक नसलेला, कमळबियांच्या किंवा लाल चवळीसारख्या दिसणाऱ्या अझुकीच्या सारणाचा ग्वांगडाँगी मूनकेक घ्यावा. पाच प्रकारच्या बिया व सुक्यामेव्याच्या गरांचे सारण ऐकायला निर्धोक वाटते, पण त्यात पुष्कळदा हॅम असते. सिंगापूर-मलेशियाच्या डब्यावर हलाल शिक्का असेल, तर डुकराची चरबी नाही एवढी खात्री होते. मात्र चकाकीसाठी वरून अंडे लावलेले असू शकते. त्यामुळे जे अंडे अजिबात खात नाहीत, त्यांच्यासाठी पाठवणाऱ्याला पूर्ण शाकाहारी असा शिक्का असलेलाच डबा घ्यायला सांगावे.