कॉनिस्टनच्या तलावातली 'गोंडोला'

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टला जाणारे आपले बहुतेक लोक विंडरमिअर बघून परततात. जमलं तर एक दिवस कॉनिस्टनसाठी ठेवाच, तो 'गोंडोला' या वाफेच्या नौकेसाठी.

फर्नेस रेल्वे या कंपनीचे जेम्स रॅम्सडेन यांच्या कल्पनेतून १८५९ मध्ये ही बोट झाली. रेल्वेही त्याच वर्षी कॉनिस्टनला पोचली होती. उतरलेल्या पर्यटकांना तलावात फिरवायचं, हा हेतू. १९३६ मध्ये फेऱ्या थांबल्या. इंजिन सॉ मिलला गेलं, बोटीचं हाऊसबोट झालं आणि १९६०च्या दशकात वादळाने तिला किनाऱ्यावर आपटलं. पुढे नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने मनावर घेतलं. बॅरो गावच्या विकर्स या जहाजबांधणी कंपनीत नवा सांगाडा, नवं इंजिन तयार झालं आणि १९८० मध्ये फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या.

म्हणजे आज आपण बसतो ती बरीचशी नवी बोट आहे. काहींना हे खटकतं. मला विचाराल तर काचेआड ठेवलेल्या गंजक्या पत्र्यापेक्षा ही चालती बोट शंभर पटींनी बरी. बॉयलरमध्ये इंधन टाकणारा माणूस, पुसून लखलखीत ठेवलेलं पितळ, नाकाडावरचा सोनेरी सर्प, हे सगळं अगदी हाताच्या अंतरावर दिसतं. आणि आवाज! डिझेलची धडधड नाहीच. वाफेचं इंजिन इतकं शांत चालतं की शेजारचा हळू बोलला तरी ऐकू येतं. २००८ मध्ये कोळशाऐवजी लाकडाच्या भुशाचे दाबून केलेले ओंडके जाळायला सुरुवात झाली, हेही मला फार आवडलं.

आता जाण्याचं. कॉनिस्टनची रेल्वे प्रवासी वाहतुकीला १९५८ मध्येच बंद झाली. लंडन यूस्टनहून ऑक्सनहोमला गाडी बदलून विंडरमिअर गाठा. तिथून ५०५ नंबरची बस अँबलसाइड, हॉक्सहेडमार्गे कॉनिस्टनला येते. धक्का गावापासून चालत जाण्याजोगा आहे. हिवाळ्यात फेऱ्या नसतात आणि वारा फार असला तर रद्दही होतात, म्हणून तिकीट आधी काढा आणि निघण्यापूर्वी सकाळी वेळापत्रक पुन्हा बघा. उन्हाळ्यातही विंडचीटर हवंच.

वेळ असेल तर ब्रँटवुडला उतरा. गांधीजींवर ज्यांच्या लेखनाचा खोल परिणाम झाला, त्या जॉन रस्किन या इंग्रज लेखकाचं हे घर. बाग चढणीची आहे, वयस्कर मंडळींनी बेताने चढावं. परतीची शेवटची बोट किती वाजता, हे मात्र उतरतानाच विचारून घ्या.