टॅग नेमका कुठे गळतो: टॅग्ड व्हीलॅनवरून किकस्टार्ट

सर्व्हरच्या पोर्टवर सगळे व्हीलॅन (एकाच तारेवरून जाणारी वेगवेगळी आभासी नेटवर्क) टॅग (फ्रेमवर व्हीलॅनचा क्रमांक सांगणारी खूण) लावूनच येत असतील, तर रॉकी किंवा आल्मा लिनक्स नेटवर्कवरून किकस्टार्टने (इन्स्टॉलरची उत्तरं आधीच लिहिलेल्या फाइलने) बसवताना घोळ एकाच कारणाने होतो. मशीनचा ताबा आधी फर्मवेअरकडे, मग आयपीएक्सईकडे (नेटवर्कवरून बूट करणाऱ्या छोट्या प्रोग्रामकडे), मग इन्स्टॉलरच्या कर्नलकडे आणि शेवटी बसलेल्या सिस्टिमकडे जातो. व्हीलॅनचा क्रमांक मात्र पुढे जातोच असं नाही, तो प्रत्येकाला वेगळा सांगावा लागतो.

स्विच आपल्या ताब्यात असेल तर इन्स्टॉलेशनचा व्हीलॅन त्या पोर्टवर सरळ नेटिव्ह, म्हणजे बिनटॅगचा, करा. पीएक्सई (नेटवर्कवरून बूट करण्याची यंत्रातली सोय) फर्मवेअर डीएचसीपीची, म्हणजे आयपी पत्ता मागण्याची, विनंती मुळात बिनटॅगचीच पाठवतं, त्याच्याशी झगडण्यात अर्थ नाही. मग इन्स्टॉलरलाही टॅग सांगायचा नाही.

ते जमत नसेल तर आधी यूईएफआयच्या (हल्लीच्या फर्मवेअरच्या) नेटवर्क सेटिंगमध्ये व्हीलॅन आयडीचा रकाना आहे का बघा. बऱ्याच सर्व्हरमध्ये असतो. नसल्यास आयपीएक्सई यूएसबीवरून किंवा व्हर्च्युअल मीडियावरून चालवा आणि आतल्या स्क्रिप्टमध्ये ‘व्हीक्रिएट’ने आपल्या व्हीलॅनच्या, समजा १२०, टॅगचा इंटरफेस बनवून डीएचसीपी त्याच्यावर मागा. जुन्या बांधणीत ही कमांड मुळात बंद असते, चालू करून पुन्हा कंपाइल करावं लागतं.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो कर्नलचा टप्पा. बूटच्या ओळीत ‘व्हीलॅन’ पॅरामीटरने इंटरफेस बनवायचा आणि ‘आयपी’ पॅरामीटरमध्ये त्याच इंटरफेसचं नाव द्यायचं. तिथे भौतिक कार्डाचं नाव राहिलं, तर विनंती पुन्हा बिनटॅगची जाते, किकस्टार्ट फाइल मिळत नाही आणि काही मिनिटांनी ड्रॅकटचं (बूटची सुरुवात हाताळणाऱ्या साधनाचं) शेल समोर येतं. दुसरी खोच नावाच्या लांबीची: लिनक्समध्ये इंटरफेसचं नाव १५ अक्षरांपलीकडे जात नाही. हल्लीच्या कार्डाचं नाव १३ अक्षरांचं असू शकतं. त्यापुढे टिंब आणि १२० जोडलं की १७. म्हणून नाव ‘व्हीलॅन१२०’ असंच ठेवा. किकस्टार्टच्या नेटवर्क ओळीतही व्हीलॅन आयडीबरोबर हेच नाव द्या. तिथे नुसतं भौतिक कार्ड लिहिलं, तर इन्स्टॉल बिनबोभाट पार पडतं आणि रीबूटनंतर मशीन नेटवर्कवर दिसतच नाही.

स्विचकडूनही दोन गोष्टी आडव्या येतात. स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमधले फेरे टाळणारी स्विचची यंत्रणा) पोर्ट खुलं करायला ३० सेकंद घेते, तेवढ्यात पीएक्सई हार मानू शकतं. ही वाट टाळणारी सेटिंग म्हणजे पोर्टफास्ट, आणि सिस्कोवर ट्रंकसाठी (अनेक टॅग्ड व्हीलॅन नेणाऱ्या पोर्टसाठी) ते वेगळं लिहावं लागतं. आणि पोर्ट एलएसीपी बाँडमध्ये (अनेक तारा एकत्र जोडलेल्या गटात) असेल तर फर्मवेअर एलएसीपी बोलत नसल्याने स्विच ते निलंबित करू शकतो, तेव्हा एलएसीपी फॉलबॅक (एलएसीपी न बोलताही पोर्ट चालू ठेवणारी सोय) चालू हवा.

अडलं की डीएचसीपीचा लॉग उघडा. एकाच मॅक पत्त्याच्या (नेटवर्क कार्डाच्या ओळखक्रमांकाच्या) विनंत्या टप्प्याटप्प्याने यायला हव्यात. फर्मवेअरची आणि आयपीएक्सईची दिसली, पण इन्स्टॉलरची नाही, तर टॅग कर्नलच्या ओळीत गळला. टीसीपीडम्प (तारेवरची वाहतूक दाखवणारं साधन) लावताना फिल्टरमध्ये ‘व्हीलॅन’ शब्द घाला, नाहीतर टॅग लावलेल्या फ्रेम गाळल्या जाऊ शकतात आणि तार कोरडी आहे असं वाटतं.