तुम्ही विचारलंत म्हणून: फाइल इथे नाही, मग साइझ कसली दाखवता?

क्लाउडमधल्या फाइली लिनक्सच्या साध्या फोल्डरसारख्या दिसाव्यात यासाठी फ्यूझवर (साध्या प्रोग्रॅमला फाइल-सिस्टिम बनू देणारी लिनक्सची सोय) कोड लिहिणं, हे माझं काम. त्यामुळे हा प्रश्न ठरलेला: "फाइल अजून उतरलेलीच नाही, तर तिच्यासमोर दोन जीबी कशाला? शून्य दाखवा की!"

मीही आधी शून्यच दाखवत होतो. फाइल उघडली की मागवू, तेव्हा खरा आकडा भरू, असा हिशोब. मग 'कॅट' (फाइलमधला मजकूर पडद्यावर दाखवणारी कमांड) करून पाहिलं तर पडदा कोरा. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगितलेली साइझ शून्य, म्हणजे त्याच्या लेखी फाइल सुरू होण्याआधीच संपलेली. त्याहून वाईट बॅकअपचं झालं. स्क्रिप्ट रात्रभर चालली, एकही एरर नाही. सकाळी फोल्डर उघडला तर सगळी नावं जागच्या जागी आणि प्रत्येक फाइल रिकामी.

बरं, आकडा जास्त सांगितला तर? 'टार' (अनेक फाइली एका गठ्ठ्यात बांधणारी कमांड) आधी हेडरमध्ये, म्हणजे फाइलच्या आधी येणाऱ्या माहितीत, साइझ लिहून मोकळा होतो. नंतर बाइट कमी पडले की फाइल आकसल्याची कुरकुर करतो आणि उरलेली जागा शून्यांनी भरतो.

तुम्हाला खरं तर विचारायचं असतं, माझ्या डिस्कवर किती जागा गेली? त्याचं उत्तर वेगळ्या खान्यात आहे. 'स्टॅट'मध्ये (फाइलबद्दलची माहिती देणारा कॉल) एसटी-साइझ (आपल्या लाल डब्याशी संबंध नाही) म्हणजे फाइलची लांबी आणि एसटी-ब्लॉक्स म्हणजे 512 बाइटच्या हिशोबात व्यापलेली जागा. न उतरलेल्या दोन जीबीच्या फाइलला मी 2147483648 आणि 0 असे दोन आकडे देतो. फाइलींची यादी देणारा 'एलएस -एल' पहिला दाखवतो, जागा मोजणारा 'डीयू' दुसरा. दोघंही खरं बोलतात.

गूगल डॉक्ससारख्या फाइलींची मात्र पंचाईत आहे. एक्सपोर्ट केल्याशिवाय त्यांना बाइटमधली लांबीच नसते. आरक्लोन (क्लाउडमधल्या फाइली हाताळणारं टूल) आपल्या यादीत तिथे सरळ -1 लिहितं. माउंटमध्ये (क्लाउड फोल्डरसारखा जोडला की) उणे आकडा चालत नाही, म्हणून तिथे शून्य. अशा वेळी मी फ्यूझचा डायरेक्ट-आयओ (कर्नलचा कॅशे टाळून थेट वाचायचा पर्याय) लावतो, मग साइझकडे न बघता शेवटपर्यंत वाचता येतं.

आणि सर्व्हरने पाठवलेली कंटेंट-लेंग्थही (उत्तर किती बाइटचं, तो आकडा) डोळे मिटून घेऊ नका. उत्तर जीझिप करून आलं असेल तर तो आकडा दाबलेल्या मालाचा असतो. मी तो तसाच भरला होता. आकडा कमी, म्हणून फाइलचं शेपूटच कापलं गेलं. एका जेसन फाइलचा शेवटचा महिरपी कंस शोधण्यात माझी अख्खी दुपार गेली.