जगात कुठेही घर आहे का?

"विसार किती दिला?"

इंग्लंडमधल्या रीडिंग शहरातलं एक घर आम्हाला पसंत पडलं आणि विकणाऱ्यांनी आमची ऑफर मान्य केली, हे फोनवर सांगितलं तेव्हा बाबांनी पहिला प्रश्न हा विचारला. मी म्हटलं, "काहीच नाही दिला बाबा, इथे तशी पद्धत नाही." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अगं, मग घर ठरलं असं कसं म्हणतेस?"

त्यांचं बरोबरच होतं. घर ठरलेलं नव्हतंच. इंग्लंड आणि वेल्समध्ये ऑफर मान्य होणं म्हणजे फक्त तोंडी होकार. १९८९ सालच्या कायद्यानुसार घराचा करार लेखी हवा आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात, त्याशिवाय तो करारच नाही. एजंटच्या प्रत्येक पत्रावर 'सब्जेक्ट टू कॉन्ट्रॅक्ट' असं छापलेलं असतं, त्याचा अर्थ हाच. दोन्ही वकील करारांची अदलाबदल करतात, त्याला 'एक्स्चेंज' म्हणतात. त्या दिवशी साधारण १० टक्के रक्कम भरायची, तोच इथला विसार. त्यानंतर मागे फिरलात तर ती रक्कम गेली. त्याआधी मात्र कुणीही, कधीही, कारण न देता मागे फिरू शकतं.

आमच्या बाबतीत ते झालं. सात आठवडे कागदपत्रं चालू होती, घराची तपासणी करून घेतली होती, सर्चचे, म्हणजे घराबद्दलच्या नोंदी तपासण्याचे, पैसे भरून झाले होते, आणि विकणाऱ्यांनी जास्त किंमत देणारा दुसरा ग्राहक घेतला. याला इथे 'गझम्पिंग' म्हणतात आणि ते बेकायदेशीर नाही. खर्च झालेलं काही परत मिळालं नाही. त्या रात्री मी खरंच रडले. म्हणून आता ओळखीचं कुणी "आमचं घर ठरलं" असं सांगायला फोन करतं तेव्हा मी आधी विचारते, एक्स्चेंज झालं का? झालं नसेल तर भाड्याच्या घराची नोटीस देऊ नका आणि मुलांची शाळा बदलू नका.

आपल्याकडे 'कन्व्हेयन्स' म्हटलं की सोसायटीच्या नावावर जमीन करून न देणारा बिल्डर आठवतो. इथे 'कन्व्हेयन्सिंग' म्हणजे घर एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर जाईपर्यंतचं सगळं कायदेशीर काम. ते सॉलिसिटर, म्हणजे वकील, करतात किंवा फक्त याच कामाचा परवाना असलेले 'लायसन्स्ड कन्व्हेयन्सर'. घर आणि गहाण एवढंच असेल तर दोघेही चालतात. वारसाचा किंवा घटस्फोटाचा गुंता असेल तर मी सॉलिसिटरकडे जाईन. एजंट ज्याचं नाव सुचवतो त्याच्याकडून एजंटला कमिशन मिळतं का, हे सरळ विचारा, ते सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. एक गोष्ट नीट लक्षात घ्या, स्कॉटलंडची पद्धत पूर्ण वेगळी आहे. एडिंबरात घर घेणाऱ्याने माझ्या या अनुभवावर विसंबू नये.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. सॉलिसिटरने पाठवलेल्या प्रश्नावलीत एक ओळ होती: तुमच्या मालकीचं, किंवा तुमचा हिस्सा असलेलं, राहतं घर जगात कुठेही आहे किंवा कधी होतं का? नवऱ्याने 'नाही' लिहिलं. मीही 'नाही' लिहिणार होते. मग आठवलं, आजोबा गेल्यावर गावच्या घराला वारस नोंद झाली, तेव्हा बाबांनी आम्हा भावंडांचीही नावं लावून घेतली होती. त्या घरात मी कॉलेज सुटल्यापासून चार रात्रीही राहिलेले नाही. तरी हिस्सा तो हिस्सा.

त्या एका हिश्शाची किंमत किती, ते आकड्यांत पाहा. आम्ही शेवटी घेतलेलं दुसरं घर ४,२०,००० पौंडांचं. इंग्लंडमधल्या एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी, पहिल्यांदाच घर घेणाऱ्याला ३,००,००० पौंडांपर्यंत स्टॅम्प ड्यूटी नाही आणि त्यापुढे ५ टक्के, म्हणजे ६,००० पौंड. ही सवलत ५,००,००० पर्यंतच्या घरालाच मिळते, आणि दोघं मिळून घेत असतील तर दोघांचंही आयुष्यातलं पहिलं घर असावं लागतं. वारसाने किंवा बक्षीस म्हणून आलेला हिस्साही मोजतात. माझ्यामुळे आमची सवलत गेली. नेहमीच्या दराने १,२५,००० पर्यंत शून्य, २,५०,००० पर्यंत २ टक्के, वर ५ टक्के, असे ११,००० पौंड भरावे लागले.

याहून मोठा फटका थोडक्यात टळला. हिस्स्याची किंमत ४०,००० पौंड किंवा त्याहून जास्त असती, तर आमचं इंग्लंडमधलं घर 'जास्तीचं घर' ठरलं असतं. मग पूर्ण किमतीवर आणखी ५ टक्के, म्हणजे २१,०००, एकूण ३२,००० पौंड. पुण्यात किंवा ठाण्यात आई-वडिलांनी प्रेमाने फ्लॅटवर तुमचं नाव जोडलं असेल तर हा आकडा तुमच्यासाठी आहे. नवरा-बायको यात एकच धरतात, त्यामुळे फ्लॅट एकाच्याच नावावर असून सुटका होत नाही. वारसाने नुकत्याच आलेल्या छोट्या हिश्शाला काही सूट आहे, तारखा वकिलाला दाखवा. शेतजमिनीच्या सातबारावर नाव असेल तर ते यात येत नाही, प्रश्न राहत्या घराचा आहे. भारतातली नोंद इथे कोण बघायला बसलंय, असं एकदोघांनी मला सुचवलं. मी ते केलं नाही. ड्यूटीचं विवरणपत्र वकील भरत असला तरी ते तुमच्या नावाने जातं, आणि खोटं ठरलं तर व्याज आणि दंड तुम्हालाच.

दुसरी अडचण बाबांच्या पैशांची आली. त्यांनी प्रॉव्हिडंट फंडातून आणि ठेवी मोडून आम्हाला मदत केली. मनी लाँडरिंगच्या नियमांमुळे वकिलाला त्यांची बँक स्टेटमेंट हवी होती, पैसा कुठून जमला याचे कागद हवे होते, आणि एक सही केलेलं पत्रही, की ही भेट आहे, परत मागणार नाही, घरावर हक्क सांगणार नाही. बाबांना ते लागलं. पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला "हे पैसे तुमचे कसे" असं विचारल्यासारखं वाटलं. मी त्यांना आधी सांगायला हवं होतं की हे इथे प्रत्येकाला विचारतात. तुम्ही तुमच्या घरी आधीच सांगा. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंतच बाहेर पाठवता येतात, तेव्हा रक्कम मोठी असेल तर मार्च-एप्रिलचा हिशेब बघून ठेवा.

सर्च रिपोर्ट आपल्याला नवा नाही. इथे कौन्सिल (म्हणजे आपल्या नगरपालिकेसारखी स्थानिक संस्था), पाणी-सांडपाणी आणि पर्यावरण असे तीन सर्च बहुतेक होतातच. कौन्सिलचा सर्च फक्त तुमच्या घराबद्दल बोलतो. शेजारच्या प्लॉटवर तीन मजले उठणार असतील तर त्यात ते येत नाही, कौन्सिलच्या वेबसाइटवर स्वतः शोधा. विकणारा जे फॉर्म भरून देतो ते ओळन् ओळ वाचा. शेजाऱ्यांशी वाद आहे का, हेही त्यात लिहावं लागतं, आणि खोटं लिहिलं तर नंतर दावा करता येतो.

दुसऱ्या घराच्या वेळी मागचं स्वयंपाकघर वाढवलेलं होतं, पण बांधकाम नियमांचा दाखला सापडत नव्हता. विकणाऱ्यांनी त्यासाठी विमा काढून दिला. वकिलाच्या दृष्टीने विषय संपला, माझ्या दृष्टीने नाही. विमा कौन्सिलच्या कारवाईचे पैसे देतो, छताची तुळई धरत नाही. आम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअर आणून दाखवलं, मगच सही केली. दाखल्याबद्दल आपणहून कौन्सिलला विचारायला मात्र जाऊ नका, एकदा विचारलं की तो विमा सहसा मिळत नाही.

फ्लॅट घेणार असाल तर तो बहुधा लीजहोल्ड, म्हणजे ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचा, असतो. किती वर्षं उरलीत, सर्व्हिस चार्ज किती, हे आधी विचारा. ८० वर्षांखाली गेलेली लीज वाढवणं महागात पडतं.

शेवटचे पैसे भरायच्या आदल्या दिवशी 'आमचं खातं बदललं आहे' असा ईमेल आला तर तो खरा मानू नका. वकिलाचा मेल फोडून असे लाखो रुपये पळवतात. पहिल्या भेटीत लिहून घेतलेल्या नंबरवर फोन करून खातं विचारा, मगच पाठवा.

एका शुक्रवारी दुपारी पैसे पोचल्याचा निरोप आला आणि एजंटने किल्ल्या दिल्या. बाबांनी विचारलं, "दस्त झाला?" झाला, पण शिक्क्याचा जाड कागद हातात येत नाही. लँड रजिस्ट्रीच्या नोंदवहीत नाव लागलं की तीच मालकी, आणि ती नोंद ७ पौंड भरून कुणीही पाहू शकतं. आमचं नाव लागायला काही आठवडे गेले. पीडीएफ आली त्या दिवशी ती बाबांना पाठवली. त्यांनी चष्मा लावून टायटल नंबर वाचला, मला पुन्हा वाचून दाखवायला लावला, आणि गावच्या घराचा नंबर जिथे लिहिलाय त्याच पानावर, त्याच्या खाली लिहून ठेवला.