काकीचा प्रश्न

आज मालवणच्या बाजारात काकीसोबत मिक्सर घ्यायला गेले. बिल करताना मुलाने मोबाईल नंबर मागितला, मग जन्मतारीख. काकीने सरळ विचारलं, "माझी जन्मतारीख घेवन तू काय करतलस? तेचे पैसे कोणाक गावतत?"

तो गप्प झाला. पण प्रश्न किती बरोबर आहे! २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत फेसबुकची दर माणशी कमाई अमेरिका-कॅनडात सुमारे ६८ डॉलर होती, आपल्या आशिया-पॅसिफिकमध्ये साधारण साडेपाच. कमाई जवळजवळ सगळी जाहिरातींची, आणि त्या जाहिराती दाखवतात आपल्याच माहितीच्या आधारे. म्हणजे भाव माणसाच्या माहितीचा नसतोच, त्याच्या खिशाचा असतो. काकीच्या आयुष्याची किंमत कमी लागते ती तिच्याकडे खर्चायला कमी आहे म्हणून. मला याचा खरंच राग येतो.

आपल्याकडे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. दंड २५० कोटींपर्यंत. चांगलंच आहे. पण तो दंड जमा होतो सरकारी तिजोरीत; ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही. रात्रंदिवस नको ते फोन घ्यायचे काकीने, आणि तिच्या हातात एक रुपया नाही? हे बदलायलाच हवं.