ट्रेलर झाला, आता पिच्चर लावा

रविवार, रात्रीचे दीड

आमची शॉर्ट फिल्म गावात दाखवायची ती उन्हाळ्यातच, हे आमचं आधीपासून ठरलेलं. तिला बक्षीस मिळालं डिसेंबरात. पुण्यातले मित्र म्हणाले, बातमी ताजी आहे तोवर गावात एक खेळ लावून टाका. पण डिसेंबरात लावायचा कुणासाठी? दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या बीडकडचा धारूरचा घाट उतरून जातात. घाटाखाली तेलगावला साखर कारखाना आहे, तरी आमच्याकडच्या बहुतेक गाड्या पुढं सांगली-कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत जातात. मागं राहतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि शेळ्या. आमची १९ मिनिटांची फिल्म ह्या मागं राहिलेल्यांची आहे. एक आजी, एक नात आणि आईबाप ऊसतोडीला गेल्यावरचं घर. ज्यांच्या नसण्यावर ती बेतली त्यांना दाखवायची, तर पट्टा पडून, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपून, ते परत आल्यावरच.

जागा जिल्हा परिषद शाळेचं मैदान. पडदा, प्रोजेक्टर, साउंड सगळं लग्नाच्या डेकोरेटरकडून. थिएटरवाले डीसीपी, म्हणजे त्यांच्या प्रोजेक्टरची खास डिजिटल प्रत मागतात, इथं लॅपटॉप आणि एचडीएमआयची लांब वायर. मी साउंडवाली, त्यामुळं माझा जीव त्या दोन डीजे बॉक्सात अडकलेला. फिल्मचा मिक्स ५.१ चा, म्हणजे थिएटरातल्या सहा वेगवेगळ्या चॅनेलांचा आहे आणि त्यात संवाद मधल्या चॅनेलला असतात. तीच फाइल दोन बॉक्सवर तशीच लावली, तर वारा ऐकू येतो, बांगड्या ऐकू येतात आणि आजी नुसते ओठ हलवते. म्हणून स्टीरिओचा वेगळा मिक्स करून आणला होता. डीजेवाल्या पोराला म्हटलं, बेस पूर्ण काढ. तो म्हणाला, "ताई, बेस काढल्यावर ऱ्हातं काय मग?" शेवटी अर्धा काढला. त्यातही त्याला वाटलं, मी त्याच्या धंद्याचा अपमान केला.

मे महिन्यात साडेसातपर्यंत पडद्यावर काही दिसत नाही आणि रात्री दहाला स्पीकर बंद, परवानगीच्या कागदावर तसं लिहिलेलंच असतं. मधल्या अडीच तासांत १९ मिनिटांची फिल्म म्हणजे निवांत काम. पण त्याआधी सत्कार असतात.

सव्वासातला सुरू झालेले सत्कार साडेआठ वाजून गेले तरी आवरेनात. सरपंचबाई खाली बायकांत, त्यांचे मालक वर खुर्चीत. दिग्दर्शकाला फेटा, कॅमेऱ्याला फेटा, शूटिंगला ट्रॅक्टर दिला त्याला फेटा आणि ज्यानं ट्रॅक्टर द्यायला नाही म्हटलं होतं त्यालाही फेटा, कारण तो गावातला मोठा माणूस. फिल्ममध्ये आजी झालेल्या आत्या (सगळं गाव त्यांना आत्याच म्हणतं) मात्र खाली पोत्यावर. सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींना चिठ्ठी पाठवली, ती त्यांनी वाचून खिशात ठेवली. मग मी सरळ माइकच घेतला. आत्या वर आल्या, शाल घेतली, नारळ पदराखाली घेतला आणि म्हणाल्या, "आता दावा की बाबांनो, लेकरं झोपाय लागलीत." संध्याकाळचं सगळ्यात चांगलं भाषण.

ही फिल्म मी महोत्सवांत पाहिली आहे. त्यात एक शॉट आहे. ट्रॅक्टर गेलाय, धूळ खाली बसलीय आणि आजी अजून दारातच उभी आहे. कॅमेरा हलत नाही. थिएटरात त्या वेळी कुणाची खुर्चीसुद्धा वाजत नाही. इथं नेमकं तेव्हा मागून एक बाई ओरडली, "आवं आत्या, आत जावा, चुलीवर दूध हाय!" सगळं मैदान हसलं. आत्याही हसल्या. आमचा दिग्दर्शक मान खाली घालून बसला. मला मात्र, खरं सांगू, मजा येत होती.

बाहेर लोक विचारतात, फिल्म कशावर आहे. इथं ते कुणी कशाला विचारील? इथं सगळी चौकशी 'कुणाचं'ची. घर कुणाचं, शेळी कुणाची, नातीच्या अंगातला फ्रॉक कुणाच्या पोरीचा. एका जागी लांबून पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याचा आवाज येतो. पडद्यावर गिरणी नाहीच, फक्त आवाज. पुढं बसलेलं एक पोरगं लगेच म्हणालं, "आप्पाची गिरण!" तो आवाज मी दिवेलागणीला, वाऱ्याची दिशा बघून, शाळेच्या मागं उभी राहून घेतला होता. आजवर पाहणाऱ्यांना ते फक्त संध्याकाळचं वातावरण होतं. इथं आवाजाला मालक निघाला. बक्षिसाच्या वेळी मी इतकी खूश नव्हते.

मग टोळी निघायचा प्रसंग आला. गाडी लिंबाखालून जाते, पारावर बसलेले एक म्हातारबाबा हात वर करतात, दोनेक सेकंद. ते बापू गेल्या श्रावणात वारले. मैदानात आधी कुजबुज झाली, मग बायकांतून त्यांची सून उभी राहिली. "थांबवा! बापू हायत ते!" लॅपटॉपवर बसलेल्या पोरानं आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही, थेट थांबवलं. महोत्सवात फिल्म अशी मध्येच थांबली असती तर आयोजकांना तोंड लपवायला जागा उरली नसती. इथं सगळ्यांना ते बरोबरच वाटलं. बापूंचा नातू पडद्याजवळ जाऊन मोबाइलवर फोटो काढू लागला, मग पुतण्या, मग शेजारी. घरात त्यांचा धड फोटो नाही. भिंतीवर लावलाय तो आधार कार्डावरचा मोठा करून घेतलेला आहे.

हा शॉट आम्ही जवळजवळ काढला होता. ऑस्करच्या नियमात ४० मिनिटांपर्यंतची फिल्म शॉर्ट धरतात, पण २० च्या पुढं गेलं की महोत्सवांची निवड करणारे नाक मुरडतात. त्यामुळं २६ ची फिल्म १९ वर आणताना आम्ही सेकंदा-सेकंदासाठी भांडलो. 'म्हातारा, हात' हा शॉट त्या यादीत होता. कथेला त्याचा काही उपयोग नव्हता, आजही नाही.

फिल्म संपली, नावं वर सरकायला लागली. टाळ्या पडल्या, पण बिचकत. मग मागं झाडाखालून आवाज आला, "ट्रेलर झाला, आता पिच्चर लावा!" लोक खरंच वाट बघत होते. शाली, फेटे, तालुक्याहून आलेले पाहुणे, एवढ्या सगळ्यावर एकोणीस मिनिटं? दिग्दर्शकानं समजावून सांगितलं, एवढीच आहे. "मग तीच लावा पुन्हा," असं पारावरून फर्मान आलं. घड्याळात सव्वानऊ. लावली.

दुसऱ्या खेळाला कुणी बोललं नाही. दारातल्या शॉटला दूध आठवलं नाही. बापू आले आणि गेले. पहिल्यांदा सगळे घरं आणि माणसं ओळखत होते, ते काम झालं होतं, आता फिल्म बघत होते. ह्याच महिन्यात फडातून परत आलेल्या बायका एका बाजूला बसल्या होत्या. फिल्ममध्ये आईचा फोन येतो, आजी नातीच्या कानाला लावते आणि नात काहीच बोलत नाही. नुसता श्वास ऐकू येतो, पलीकडं कोप्यांमधला, म्हणजे मजुरांच्या खोपटांमधला गलका. त्या वेळी मी पडद्याकडं नाही, त्या बायकांकडं बघत होते. नंतर त्यांतली एक माझ्याजवळ आली. म्हणाली, "आमाला तिकडं वाटायचं पोरगी रुसली. म्हनून मी बी ठिवून द्यायची फोन. हिकडं पोरगी फोन ठिवल्यावर असं करतीय व्हय?" आणि तडक पोरीला उचलून घरी गेली. मी काय बोलणार होते?

दुसरी एक थांबली. महोत्सवात प्रश्नोत्तरांना हमखास येणारा एक प्रश्न मी तिला सांगितला. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर गेल्या, सरकारनं समिती नेमली. तेव्हापासून कुणी ना कुणी विचारतंच, ते फिल्ममध्ये का नाही? ती म्हणाली, "बरं झालं न्हाई घातलं. बीडची म्हनलं की लोक आधी पोटाकडं बघत्यात." मला हे पूर्ण पटत नाही. त्यावर कुणीतरी फिल्म केली पाहिजे, आणि ती इथल्याच बाईनं केली पाहिजे. पण ह्या फिल्ममध्ये ते घुसडलं नाही ह्याचं पहिल्यांदा बरं वाटलं.

पैशांचा प्रश्न येणारच होता. बक्षीस कितीचं? पंचवीस हजार. एवढ्यात पाराजवळचे एक आबा हिशोब करून मोकळे: "ह्यात तर पाव कोयता बी येत न्हाई." एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, टोळी नेणारा मुकादम लाखाच्या वर उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो, त्या भावानं बरोबरच आहे. महोत्सवांच्या प्रवेश फिया डॉलरमध्ये भरता भरता त्यातलं काय उरलं, हे मी आबांना सांगितलं नाही.

दहाला पाच कमी असताना स्पीकर बंद केला. डीजेवाला पोरगा वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "ताई, त्यो श्वास लई भारी वाजला." बेसचं त्यानं मनातून काढलं होतं बहुतेक.

सोमवार, दुपारी

सकाळी मुकादम घरी आले. काल पहिल्या रांगेत होते, दोन्ही खेळ बसून पाहिले आणि जेवणाला न थांबता गेले. तेव्हाच आईनं ओळखलं होतं, उद्या येतील. नात्यानं आमचे मामा लागतात. फिल्ममध्ये मुकादम एकदाच येतो, सणाच्या दिवशी, उचलीचा हिशोब घेऊन. उंबऱ्याच्या आत येत नाही, चहा बाहेरच घेतो. पुण्यात एका बाईंनी त्याला राक्षस म्हटलं होतं.

मामांनी आमच्याकडं मात्र आत बसून चहा घेतला. मग म्हणाले, "मला एकदम व्हिलन केलास की गं." त्यांचं म्हणणं असं की पैसे कारखान्याकडून, वाहतूकवाल्याकडून ते स्वतःच्या सहीवर उचलतात. उचल घेऊन एखादा कोयता हंगामात पळाला, तर भरणारे तेच. मागं त्यांनी एकदा त्यापायी रान गहाण टाकलं होतं, ते सगळ्या गावाला माहीत आहे. हे खरं आहे. आणि आजारपणात पडलेल्या खाड्याचे पैसे मजुराच्या हिशोबातून कापतात तेही मामाच, हेही खरं आहे. ते मी बोलून दाखवलं. त्यांनी ना हो म्हटलं ना नाही, बशीत चहा ओतला.

दिग्दर्शकाला फोन लावून दिला. तो ताठच होता, सीन आहे तसाच राहणार. माझंही तेच मत आहे. आजीच्या उंबऱ्यातून मुकादम तसाच दिसतो. तिनं त्याचं गहाण रान बघायला कशाला जावं?

मला वाटलं, मामा आता उठतील. उठले नाहीत. म्हणाले, डिसेंबरात कारखान्यावर या. कोप्यांसमोर पडदा बांधून देतो, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मशीन ठेवा, जनरेटर माझा. चार-पाच टोळ्या तरी बघतील. दिग्दर्शकानं फोनवरच तारखा विचारायला सुरुवात केली. थंडीत, बारा-बारा तास ऊस तोडून आलेली माणसं रात्री फिल्म बघतील का, ही शंका मी काढली, तर मामा म्हणाले, "स्वतःची पोरं बघाय जागत्याल."

गाडीला किक मारता मारता त्यांनी अट सांगितली. "सीन कापू नका. पन माझ्या तोंडात एक वाक्य घाला. मी बी कुनाचं तरी देनं लागतो, येवढंच."

दिग्दर्शकाला कळवलंय. तो म्हणतो, फिल्मला हात लावायचा नाही. मी मात्र जेवण झाल्यावर तो सीन लॅपटॉपवर काढून बसलेय. मुकादम पाठमोरा होऊन जातो तिथं त्याचं तोंड दिसत नाही, आणि चार सेकंदांची जागा आहे.